सामना संपल्यावर संघ निवडणाऱ्या अध्यक्षांस

मा. अध्यक्षमहोदय,
स. न. वि. वि.

भारताच्या पुरुष क्रिकेट संघाच्या निवड समितीत पाच जण असतात. त्यांना मानधन मिळतं, विमानाची तिकिटं मिळतात, सामने बघायला ते गावोगाव हिंडतात, आणि एवढं करूनही त्यांना संघ काही निवडता येत नाही. तुम्ही मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन, एका हाताने चिवडा खात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, तेही फुकट, बिनचूक संघ निवडता. अडचण एकच आणि तीही किरकोळ. तुमचा संघ सामना संपल्यावर जाहीर होतो.

तुमचं नाव लिहीत नाही. गरजही नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही आहात, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आहात, आणि मामेभावाच्या लग्नासाठी काढलेला, लग्न होऊनही कोणी बंद न केलेला जो ग्रुप आहे तिथेही आहात. नाव वेगळं, डीपी वेगळा, कुठे विठ्ठल तर कुठे धोनी. पण वाक्य एकच. ‘मी आधीच म्हणालो होतो.’ कधी म्हणाला होतात ते शोधायला मी ग्रुपवर मागे मागे जात राहिलो. पाण्याच्या टँकरची वेळ सापडली, कोणाचं तरी हरवलेलं मांजर सापडलं, दिवाळीच्या शुभेच्छांचे ढीग सापडले. तुमचं म्हणणं सापडलं नाही. त्या जागी संदेश पुसल्याची करडी ओळ तेवढी होती.

आरोपपत्र लांब आहे, म्हणून मुख्य कलमापासूनच सुरुवात करतो. तुम्ही निर्णय तपासत नाही. आधी निकाल बघता, आणि मग त्या निकालाला साजेसा निर्णय कोणी घेतला होता ते शोधून त्याची मानगूट धरता. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींसारखा हा प्रकार आहे. नांदले तर गुण छत्तीस, भांडले तर मंगळ. पटत नसेल तर माझ्याबरोबर लंडनला चला. खर्चाची काळजी करू नका, कागदावरच जायचं आहे.

ओव्हलचं मैदान, सप्टेंबर २०२१. इंग्लंडविरुद्धची चौथी कसोटी, कर्णधार विराट कोहली. आर. अश्विन बाहेर. आधीच्या तीन कसोट्यांतही तो बाहेरच होता. नाणेफेकीला अकरा नावं आली आणि तुमच्या समितीची तातडीची बैठक भरली. ओव्हलवर शेवटी चेंडू वळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कोहलीच्या डोक्यात हवा गेली आहे, दोघांचं बिनसलं आहे, ड्रेसिंग रूममध्ये शिजतंय काहीतरी, असे ठरावावर ठराव मंजूर झाले. मग पाचव्या दिवशी जेवणानंतर बुमराने जुन्या चेंडूवर पोप आणि बेअरस्टो यांचे त्रिफळे उडवले, जडेजाने दोघांना परत पाठवलं आणि भारत १५७ धावांनी जिंकला. बैठक जागच्या जागी बरखास्त. इतिवृत्त नाही, आभारप्रदर्शन नाही. डोक्यात हवा गेलेला कोहली संध्याकाळपर्यंत धाडसी, निडर आणि काळाच्या पुढचा कर्णधार झाला.

मैदान तेच, जून २०२३. कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया, कर्णधार रोहित शर्मा. अश्विन तेव्हा कसोटी गोलंदाजांच्या क्रमवारीत जगात पहिला, आणि पुन्हा बाहेर. आकाशात ढग होते, खेळपट्टीवर गवत होतं, म्हणून चार वेगवान आणि पाचवा जडेजा. साचा अगदी दोन वर्षांपूर्वीचाच. सिराज, उमेश, शार्दूल आणि जडेजा हे चौघे तर दोन्ही सामन्यांत होते. फरक एकाच माणसाचा: तेव्हा बुमरा होता, आता तो पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी होता आणि त्याच्या जागी शमी. हेडने १६३ ठोकल्या, स्मिथने १२१, ऑस्ट्रेलियाने ४६९ केल्या आणि भारत २०९ धावांनी हरला. मग तुमच्या लेखणीला जो बहर आला, त्याला तोड नाही. जगातला पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज पाणी वाहतोय, हा देशद्रोह आहे, राजीनामे द्या सगळे!

आता मला सांगा, अश्विनला खेळवायला हवं होतं का? २०२३ पुरतं माझं उत्तर ‘हो’ आहे. वॉर्नर, ख्वाजा, हेड, कॅरी, एवढे डावखुरे समोर असताना डावखुऱ्यांच्या या कर्दनकाळाला बसवणं मलाही पटलं नव्हतं. पण डावखुरे सामन्याच्या पाचव्या दिवशी डावखुरे झाले नव्हते. नाणेफेकीच्या वेळीही ते तसेच होते. त्या वेळी तुम्ही काय लिहिलं होतंत? तीन तिरंगे आणि एक वाघ. दोन वर्षांपूर्वी तोंड पोळलं होतं ना, म्हणून या खेपेस ताक फुंकून पीत होतात. निकाल लागेपर्यंत फुंकत बसलात आणि निकाल लागल्यावर ‘मी आधीच’.

तुमच्या समितीच्या कारकिर्दीचा कळस मात्र २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात झाला. बुमरा पाचांपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे आधी सांगून झालं होतं. पाठीची शस्त्रक्रिया झालेला वेगवान गोलंदाज आहे तो, एसटीची गाडी नाही की ड्रायव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर काढली. लीड्सला हरलो, एजबॅस्टनला तो बसला, आणि तुम्ही निवड समितीबरोबर वैद्यकीय मंडळाचंही अध्यक्षपद स्वीकारलंत. दोन कसोट्यांमध्ये आठवडाभर मोकळा असताना आणखी कसला आराम? आयपीएलमध्ये बरं दुखत नाही! इकडे तुमचं निदान चालू असताना तिकडे आकाशदीपने सामन्यात दहा बळी घेतले आणि भारताने ३३६ धावांनी सामना मारला. एजबॅस्टनवरचा आपला पहिलावहिला कसोटी विजय.

मग बुमरा लॉर्ड्सला परतला. २२ धावांनी हरलो. मँचेस्टरला खेळला. अनिर्णित. ओव्हलला पुन्हा बसला आणि सहा धावांनी जिंकून मालिका दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. झालं! जूनमध्ये ज्याच्याशिवाय हा संघ शून्य होता, तो ऑगस्टमध्ये पनवती ठरला. तो खेळला की भारत हरतो, हा तुमचा नवा शोध तुम्ही तक्त्यासकट फिरवलात. लीड्सच्या पहिल्या डावात त्याने पाच बळी घेतले होते, लॉर्ड्सच्याही पहिल्या डावात पाच. तक्त्यात तेवढा रकाना नव्हता.

आणि ओव्हलच्या त्या सहा धावा! चौथ्या दिवशी सिराजने ब्रूकचा झेल पकडला आणि पाय सीमारेषेच्या दोरावर टेकवला. ब्रूक तेव्हा १९वर होता. पुढे त्याने १११ केल्या. तेवढा वेळ तुमच्या ग्रुपवर सिराजचं श्राद्ध चालू होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्याच सिराजने शेवटचा बळी घेतला आणि तुम्ही त्याचाच फोटो डीपीला लावलात. इंग्लंडला ३७४ हव्या होत्या, त्यांच्या ३६७ झाल्या. सात धावा इकडच्या तिकडे गेल्या असत्या तर तुमच्या लेखी तो माणूस जन्मभर ‘दोरीवर पाय देणारा’ राहिला असता. त्याची गोलंदाजी तीच राहिली असती, बळीही जवळजवळ तेवढेच.

दुसरं कलम. तुम्हाला संघात माणसं घालता येतात, काढता येत नाहीत.

त्याच दौऱ्यात कुलदीप यादव पाचही कसोट्यांत बाहेर बसला. ‘कुलदीपला खेळवा’ हा तुमचा घोष महिनाभर चालला. घोष चुकीचा होता असं मी मुळीच म्हणत नाही. मनगटाने चेंडू वळवणारा गोलंदाज बाकावर बसवायला कोणाला आवडेल? पण कोणाच्या जागी, हा साधा प्रश्न कोणी विचारला की तुमचं उत्तर ठरलेलं. ‘ते त्यांनी बघावं, त्याचे पैसे घेतात.’ फारच कोणी मागे लागलं तर हळूच म्हणायचात, वॉशिंग्टन सुंदरच्या जागी. महोदय, मँचेस्टरला दुसऱ्या डावात आपले पहिले दोन गडी शून्यावर गेले होते. ती कसोटी शेवटी वाचवली कोणी? जडेजा नाबाद १०७ आणि सुंदर नाबाद १०१. त्या रात्री कुलदीपचा विषय तुमच्या ग्रुपवर निघाला नाही. कोणीतरी पावसाळ्यातल्या गच्चीच्या गळतीचा विषय काढला आणि तुम्ही तिथेही ‘मी आधीच म्हणालो होतो’ लिहिलंत.

२०२३च्या विश्वचषकात शमी पहिले चार सामने बाहेर होता, नंतरच्या सातांत त्याने २४ बळी घेतले, वानखेडेच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत सात. साहजिकच तुमचा सवाल: हा चार सामने बसलाच कसा? सवाल रास्त आहे. उत्तरही होतं, पण ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. हार्दिक पंड्या सहा-सात षटकं टाकू शकत होता, म्हणून आठव्या क्रमांकावर बॅट धरू शकेल असा शार्दूल घेता येत होता. पुण्यात बांगलादेशाविरुद्ध हार्दिकचा घोटा दुखावला आणि सगळा तोलच बदलला. एकाच्या जागी एक येऊन भागेना. सूर्यकुमार आणि शमी आत आले, शार्दूलही बाहेर गेला. म्हणजे शमी संघात आला तो कोणाला तरी साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, तर एका घोट्यामुळे. अकरा जणांचा संघ हा असा असतो. एक वीट काढली की शेजारच्या दोन हलतात. तुमच्या यादीत मी नेहमी नावं मोजतो. तेरा भरतात. कधी कधी चौदा.

तिसऱ्या कलमासाठी मुंबईत येऊ, तुमच्या घरच्या मैदानावर.

१५ डिसेंबर २०२३ला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. ज्या माणसाने २०१३ ते २०२० या काळात पाच विजेतेपदं मिळवून दिली, त्याला एका पत्रकात निरोप, आणि तोही विश्वचषकाच्या अंतिम फेरीतला पराभव ताजा असताना. तुमचा राग मला समजला. पलटणीतल्या कितीतरी जणांनी संघाच्या खात्याला रामराम ठोकला, तेही समजलं. चाहत्याच्या हातात याहून दुसरं असतं काय? पण निर्णय घेतला मालकांनी आणि व्यवस्थापनाने. ते वरच्या मजल्यावर, काचेमागे, थंड हवेत बसले होते. त्यांच्या दिशेने तुमचा आवाज गेला नाही. तो गेला नाणेफेकीला उतरलेल्या माणसाच्या अंगावर, कारण तो हाताशी होता.

२४ मार्च २०२४, अहमदाबाद. सामना चालू असताना मैदानात कुत्रं शिरलं आणि प्रेक्षकांनी हार्दिकच्या नावाचा गजर केला. विनोदाची पातळी काय वर्णावी! त्याच सामन्यात हार्दिकने नवा चेंडू बुमराच्या आधी स्वतः घेतला होता, आणि फलंदाजीला सातव्या क्रमांकावर आला होता. या दोन निर्णयांवर रात्रभर वाद घालण्याजोगं होतं, आणि त्या वादात मी तुमच्या बाजूने बसलो असतो. तुम्ही कुत्र्याची चित्रफीत फिरवलीत.

मग १ एप्रिल. वानखेडे. घरच्या मैदानावर घरच्या कर्णधाराची हुर्यो, ती इतकी की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. ज्या वानखेडेने एकेका चांगल्या फटक्याला, मग तो पाहुण्यांचा का असेना, टाळी देण्याचा मान मिरवला, तिथे हे बजावायची वेळ आली. मोसम संपला तेव्हा मुंबईने चौदांपैकी चार सामने जिंकले होते आणि दहा संघांत दहावा नंबर होता. तुम्ही खूश. ‘म्हणालो नव्हतो?’ आपला संघ तळाला गेल्याचा आनंद साजरा करणारा चाहता ही जात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तीन महिन्यांनी, २९ जूनला, बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, क्लासन सुटला होता. सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासनला काढलं. विसाव्या षटकात १६ हव्या असताना चेंडू त्याच्याच हातात होता. पहिल्या चेंडूवर मिलरने उचलून मारला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो अजब झेल घेतला. भारत सात धावांनी जगज्जेता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, वानखेडेवर पोचली, आणि गॅलऱ्या दणाणल्या: हार्दिक, हार्दिक! या वेळी कुत्रं नव्हतं.

मी तेव्हा तुमच्या ग्रुपवर डोळे लावून बसलो होतो. दोन ओळी येतील वाटलं होतं. ‘जास्तच बोललो’, एवढं पुरलं असतं. आला तो हार्दिकच्या अश्रूंचा फोटो, वर ‘आमचा वाघ’ असं लिहिलेला. तुमचा? कधीपासून?

तो अंतिम सामना तुम्हाला पाठ असेल. मग त्याच सामन्याचं पंधरावं षटक आठवून बघा. अक्षर पटेलच्या त्या एका षटकात २४ धावा गेल्या. क्लासन फिरकीला बेदम मारत असताना अक्षरला चेंडू कोणी दिला? रोहितने. बुमराची षटकं अठराव्यालाच संपवून विसाव्या षटकासाठी हार्दिक कोणी ठेवला? रोहितने. सात डावांत मिळून ७५ धावा करणाऱ्या कोहलीला सलामीला कोण खेळवत राहिलं, यशस्वी जयस्वाल अख्खी स्पर्धा बाकावर बसलेला असताना? कोहलीने त्या एका सामन्यात ७६ केल्या, ते सोडा. मिलरचा तो फटका वितभर जास्त उंच गेला असता तर या प्रत्येक प्रश्नावर तुमच्या समितीने अहवाल काढला असता आणि रोहितच्या नावापुढे पुन्हा ‘वडापाव’ लिहिलं असतं. (जाता जाता: वडापाव ही शिवी कधीपासून झाली? ज्याने हा शब्द शिवी म्हणून पहिल्यांदा वापरला त्याने दादर स्टेशनबाहेर गरम वडा खाल्लेला नसणार. रोहितचं सोडा, वड्याची तरी अब्रू राखा.)

तुमचं घराणं जुनं आहे, हे मान्य करतो. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने १९७१ साली अजित वाडेकर कर्णधार झाले, पतौडींना डावलून. तेव्हाही नाकं मुरडली गेली. वाडेकर वेस्ट इंडीजमध्ये जिंकून आले, मग इंग्लंडमध्ये जिंकून आले, आणि त्यांच्या संघाची मिरवणूक निघाली. इंदूरला तर विजयाची खूण म्हणून भलीमोठी बॅट उभारली गेली. १९७४ साली लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला, मालिका शून्य-तीन गेली, आणि इंदूरची बॅट विद्रूप करण्यात आली, मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. तीन वर्षांत हारापासून दगडापर्यंत. तुम्ही त्या दगडफेक्यांचे थेट वारस. सुधारणा एवढीच झाली की आता दगड मारायला घराबाहेर पडावं लागत नाही, आणि पोलीस आले तर पळावंही लागत नाही.

पण त्याच काळात दुसरंही घराणं होतं. १९७३ साली इंग्लंडविरुद्धच्या कानपूर कसोटीतून सलीम दुर्राणींना वगळलं, तेव्हा लोक फलक घेऊन उभे राहिले: दुर्राणी नाही तर कसोटी नाही. पुढच्या मुंबई कसोटीत दुर्राणी परतले आणि ब्रेबॉर्नवर त्यांनी ७३ धावा केल्या. त्या लोकांकडे बघा. म्हणणं काय ते ठळक अक्षरांत, स्वतःच्या तोंडाने, दुर्राणी एकही धाव काढायच्या आधी. निवड समितीवर टीका करायची तर ती अशी. दुर्राणी शून्यावर बाद झाले असते तरी फलक धरणाऱ्यांना तो लपवता आला नसता.

शेवटचं कलम लिहिताना माझी थट्टा आटते, त्याबद्दल क्षमस्व. ऑक्टोबर २०२१मध्ये दुबईत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरलो. अकरा जण हरले होते. तुम्ही शमीला वेगळा काढलात आणि त्याच्या धर्मावर गेलात. कोहली त्याच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला, तर त्याच्या तान्ह्या मुलीपर्यंत धमक्या गेल्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच दुबईत अर्शदीप सिंगकडून आसिफ अलीचा झेल सुटला. तेवीस वर्षांचा मुलगा. विकिपीडियावरच्या त्याच्या पानावर कोणीतरी त्याचं नातं खलिस्तानशी जोडलं, आणि तुमच्या ग्रुपवर ते ‘बघा बघा’ म्हणून फिरलं. एका सुटलेल्या झेलासाठी! २०२४च्या विश्वचषकात याच अर्शदीपने १७ बळी घेतले, आणि अंतिम सामन्याच्या एकोणिसाव्या षटकात फक्त चार धावा दिल्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्याला देशाबाहेर काढला होतात, आता तो ‘पंजाब दा पुत्तर’.

‘मी नाही लिहिलं, मी फक्त फॉरवर्ड केलं,’ असं तुम्ही म्हणाल. ठाऊक आहे. दगड कोणीतरी हातात दिला होता.

तुमच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो तुमच्याहून मीच नीट मांडतो, कारण तुम्ही त्याच्या आसपासही गेला नाहीत. मंडळ बोलत नाही. संघ जाहीर होतो तो यादीच्या रूपात. कोणी का आत, कोणी का बाहेर, याचं उत्तर कधी पत्रकार परिषदेत दोन वाक्यांत उरकतं, कधी तेही नाही. दुखापत किती गंभीर, कोणाला सांगून बसवलं, कोणाला न सांगता, हे सूत्रांच्या हवाल्याने कळतं. निवड समितीने दर संघाबरोबर चार ओळींची कारणं दिली तर तुमच्या निम्म्या बैठका पहिल्याच दिवशी बारगळतील. या मागणीसाठी तुम्ही एकदा ग्रुपवर सह्या गोळा केल्यात तर पहिली सही माझी. पण तुम्हाला कारणं नकोच आहेत, असा मला दाट संशय आहे. कारणं मिळाली तर ‘लॉबी’, ‘कोटा’, ‘पीआर’ आणि ‘फिक्स’ हे चार शब्द कुठे वापरायचे?

आणखी एक. ते पैशांचे फँटसी खेळ सुरू होते तोवर, २०२५च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंद होईपर्यंत, तुम्ही रोज संघ लावत होतात. तो मात्र नाणेफेकीनंतर लगेच, पहिल्या चेंडूआधी. तिथे हरलात की कधी स्वतःचा राजीनामा मागितला नाहीत. म्हणायचात, ‘नशीबच खराब, चेंडू बॅटची कड घेऊन चौकार गेला.’ म्हणजे नशीब नावाची गोष्ट क्रिकेटमध्ये असते, हे तुम्हाला ठाऊक होतं. एकोणपन्नास रुपये स्वतःचे असले की लगेच आठवत होतं.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या सामन्याला नाणेफेकीच्या तासभर आधी तुमचे अकरा ग्रुपवर लिहा. अकरा, तेरा नव्हे. ज्याला आत घ्याल त्याच्या जागी कोण बाहेर, तेही लिहा, आणि का, ते एका ओळीत. मग संदेश पुसू नका. तुमचं बरोबर निघालं तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी स्वतः ते कागदावर लिहून डकवीन, टँकरच्या वेळापत्रकाच्या वर. चूक निघालं तर तसंच राहू द्या, कोणी तुमच्या घरावर दगड मारणार नाही. आणि सामना हरलो तर कर्णधाराला हवं ते बोला, निवड समितीला बोला, खेळपट्टी बनवणाऱ्याला बोला. खेळाडूच्या आईवडिलांना, बायकोला, लेकराला आणि त्याच्या देवाला वगळा.

कळावे. लोभ आहेच, नसता तर एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

आपला,
ग्रुपवरचा एक मूक सभासद